कोर मोजा, माणसं मोजा, मग पैसे मोजा

ऑफिसात एक सर्व्हर ठेवायचा, त्यावर विंडोज टाकायचं, 40 जणांनी वापरायचं. एवढ्याशा कामाच्या लायसन्ससाठी एक्सेल उघडून कोर (प्रोसेसरच्या आतले प्रत्यक्ष काम करणारे भाग) मोजत बसावं लागतं! विंडोज सर्व्हर 2016 पासून मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरचा हिशोब सोडून कोरचा धरला आणि डोक्याची मंडई झाली.

8 कोरचा एकच प्रोसेसर? पैसे 16 चेच. किमान म्हणजे किमान. 12-12 कोरचे दोन प्रोसेसर असतील तर 24 कोर, म्हणजे दोन-दोन कोरचे 12 पॅक. इथवर समजतं. पण स्टँडर्ड आवृत्तीत एवढ्यावर व्हीएम (एका यंत्रात चालणारे आभासी संगणक) दोनच. तिसरी हवी तर सगळेच्या सगळे 24 कोर पुन्हा विकत घ्या! यंत्र तेच, कोर तेच, बिल दुप्पट. व्हीएमच्या हिशोबाने घेता येतं म्हणे, पण त्याला सबस्क्रिप्शन नाहीतर सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (लायसन्सवर वेगळे पैसे भरून घ्यायची मायक्रोसॉफ्टची योजना) हवं, आणि तिथेही प्रत्येक व्हीएमला किमान 8 कोर. दोन होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात ती यंत्रं) जोडलेले असतील आणि एक पडला तर व्हीएम दुसऱ्यावर आपोआप जातात, साधं लायसन्स जात नाही. हार्डवेअर कायमचं मेलं नसेल तर पुन्हा हलवायला 90 दिवस थांबा. म्हणजे दोन्ही होस्टवर सगळ्या व्हीएमचं लायसन्स आधीच घेऊन ठेवा.

एवढं करूनही आत कुणाला येता येत नाही. त्याला कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा दर माणशी किंवा दर यंत्रामागचा परवाना, वेगळं! कारखान्यात तीन पाळ्या, 60 कामगार, संगणक 20. डिव्हाइस कॅल 20 पुरतात, पण कोटेशन बिनदिक्कत 60 युजर कॅलचं येतं. उलट लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही वापरणाऱ्याला युजर कॅलच परवडतं. ईआरपीमध्ये (कंपनीचा कारभार चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळ्यांना एकच लॉगिन दिलं तरी सुटका नाही, मोजायची मागची माणसंच. विंडोज सर्व्हर 2019 चं कॅल 2022 च्या सर्व्हरला चालत नाही. रिमोट डेस्कटॉपचं (दुरून सर्व्हरवर काम करायचं) कॅल आणखी निराळं, या कॅलच्या वर. ते नसलं तरी 120 दिवस सगळं निमूट चालतं, मग एका सकाळी कुणाचंच लॉगिन होत नाही आणि फोन सुरू.

साधं कॅल मात्र सर्व्हर कधी तपासतच नाही. कमी पडलं तरी एक चकार सूचना नाही. वर्षानुवर्षं सुरळीत, आणि एक दिवस ऑडिटचं पत्र. मग जुनी बिलं शोधा. सर्व्हरबरोबर आलेलं ओईएम लायसन्स तर त्याच यंत्राला बांधलेलं. यंत्र गेल्या दिवाळीत भंगारवाल्याला दिलं असेल, तर स्टिकरसकट तेही गेलं.