रसिक नागपूरकरांसाठी काही मोलाच्या सूचना

परदेशी गायकाची ‘इंडिया टूर’ जाहीर झाली की पोस्टरवरची शहरांची यादी फार बारकाईने वाचू नये. उगाच डोळ्यांना ताण. नागपूर त्यात नसतं. २०२५ मध्ये एड शीरन भारतात येऊन सहा ठिकाणी गायला: पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर, शिलाँग आणि दिल्लीजवळ. त्याच्या आदल्या डिसेंबरात ब्रायन अ‍ॅडम्सही शिलाँगला जाऊन आला. तिकडे डोंगरात, शिलाँगला! आपण आपलं झिरो माइलच्या खांबाजवळ उभं राहून पाहुण्यांना सांगावं, की देशाचा मध्य इथे आहे. हैदराबादहून दिल्लीला निघालेला प्रत्येक गिटारवाला आपल्या डोक्यावरून जातो, हा मान काय कमी आहे?

तरीही तिकीट काढायचंच असेल तर घरातले सगळे फोन ताब्यात घ्यावेत. आईचा, बाबांचा, वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. २२ सप्टेंबर २०२४ला दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या ब्रिटिश बँडची तिकिटं सुटली, तेव्हा रांगेत तुमच्यापुढे लाखो लोक आहेत असं पडद्यावर दिसत होतं. घाबरू नये. दिवाळीत पुण्याहून नागपूरला यायचं तिकीट ज्याने एकदा तरी काढलंय, त्याला असल्या रांगांचं काय कौतुक? रांग संपून हाती काही लागलं नाही, की मग पुनर्विक्रीचे भाव बघावेत आणि पाणी प्यावं. अडीच हजारांपासून सुरू झालेली तिकिटं तिथे लाखांच्या भाषेत बोलत असतात. शिवाय त्या दौऱ्यातला २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाइलवर दाखवलाच की. तिथल्या प्रेक्षकांच्या हातात दिव्यांचे पट्टे होते, आपण जत्रेतलं लुकलुकणारं घड्याळ मनगटाला बांधून पलंगावरून हात हलवला, झालं.

प्रवासाचं फार लिहीत नाही. विदर्भ नाहीतर दुरांतो, वेटिंग असेल तर ट्रॅव्हल्स, आणि चौघे जमले तर समृद्धीवरून ७०१ किलोमीटर. ऑफिसात रजेचं कारण लग्न सांगावं. गाणं ऐकायला मुंबईला चाललो म्हटलं की साहेब विचारतात, “कावून, यूट्यूबवर नाही येत का ते?”

बँड फुटल्याची बातमी आली तर रडून मोकळं होऊ नये, थोडे अश्रू शिल्लक ठेवावेत. ईगल्स १९८० मध्ये फुटले, १९९४ मध्ये परत आले. ‘किस’ या बँडने २००० साली निरोपाचा दौरा काढला, आणि खरोखरचा शेवटचा कार्यक्रम केला २०२३च्या डिसेंबरात. स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये जाहीर केलेला निरोप तर अजून चालूच आहे. ओएसिसचे दोघे भाऊ ऑगस्ट २००९ मध्ये पॅरिसला भांडले, बँड मोडला, पंधरा वर्षं एकमेकांचा उद्धार केला आणि ४ जुलै २०२५ला कार्डिफमध्ये एकाच स्टेजवर आले. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावरून भांडलेले भाऊ इतक्या लवकर बोलत नाहीत. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न, त्याचं मात्र वेगळं. त्याने १९९२ मध्येच ‘आता दौरे बंद’ म्हणून एक दौरा केला होता, त्यामुळे बर्मिंगहॅमच्या शेवटच्या कार्यक्रमाला कोणी फार मनावर घेऊ नये असं मी सगळ्यांना सांगत होतो. ५ जुलै २०२५ला तो सिंहासनावर बसून गायला आणि त्याच महिन्यात गेला. असो. त्या दिवशी कोणाचा सल्ला ऐकू नये.

आता आपल्या गावातल्या कार्यक्रमांकडे वळू, कारण गेल्या महिन्यात मी अशा एका कार्यक्रमाला तिकीट काढून गेलो होतो आणि बऱ्याच गोष्टी शिकून आलो.

पहिली गोष्ट, तिकीट काढू नये. तिकीट काढणारा माणूस ओळखी नसलेला, म्हणजे जवळपास अनाथ समजला जातो. पास मिळवावा. नगरसेवकाच्या पीएकडून, बँकेतल्या मामाकडून, आयोजकाच्या साडूकडून, कुठूनही. पास दोघांचा असेल तर सहाजणांनी जावं. गेटवरच्या पोराने अडवलं तर फोन काढून कानाला लावावा, “घे, साहेबांशी बोल” म्हणावं. पलीकडे कोणी असायलाच पाहिजे असं नाही. आत शिरल्यावर नंबर टाकलेल्या खुर्च्या दिसतील. नंबर ही रंगाऱ्याची हौस असते, तिकडे लक्ष देऊ नये. बसावं. शेजारच्या खुर्चीवर पर्स, तिच्या शेजारच्या खुर्चीवर जावयासाठी रुमाल. तिकीटवाला येऊन उभा राहील. त्याच्याकडे आधी पाहूच नये. त्याने तिकीट दाखवलं तर म्हणावं, “भाऊ, आम्ही साहेबांकडून आलो आहो, जरा अ‍ॅडजस्ट करा न.” तेवढ्यात स्वयंसेवक येतो आणि तिकीटवाल्यालाच समजावतो, “सर, तुम्ही मागे बसा न. तिकडून साऊंड चांगला येते.” मागे म्हणजे जनरेटरजवळ. साऊंड येत होता, नाही म्हणत नाही.

पहिल्या तीन रांगांत सोफे. त्यावर कोणीच नाही. साडेसातचा कार्यक्रम, सव्वाआठपर्यंत आम्ही शेकडो माणसं रिकाम्या सोफ्यांकडे बघत बसलो. मग गाड्या आल्या. मग दीपप्रज्वलन, वाऱ्याने वात विझली, पुन्हा दीपप्रज्वलन. मग स्वागत, प्रायोजकांचं स्वागत, प्रायोजकांच्या वडिलांचं स्वागत. ‘फक्त दोन शब्द’. ते दोन शब्द नवाला दहा कमी असताना संपले. मग बँडचा सत्कार. ड्रमरला शाल. गिटार गळ्यात असलेल्या माणसाला श्रीफळ दिलं, तो एका हातात नारळ धरून उभा, तरी फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा एकदा तोच नारळ त्यालाच दिला. पहिलं गाणं नऊ वाजून गेल्यावर सुरू झालं. दुसऱ्या गाण्याला सोफे उठले, त्यांना दुसरीकडे लग्नाला जायचं होतं. दहा वाजता पोलीस आले. त्यांचं काय चुकलं? २००० सालापासून नियम आहे, उघड्या जागेवर रात्री दहानंतर स्पीकर बंद. ज्या गाण्यासाठी मी आलो होतो ते कडव्यापर्यंतही पोचलं नाही. आणि माझ्या खुर्चीवरचे ते गृहस्थ पूर्ण वेळ फोनवर होते. “हो, प्रोग्रामात आहे. कोणता बँड? माहीत नाही बे, पास होता.”

माहीत नाही बे!

तर सूचना. सूचना गेल्या खड्ड्यात. तुम्हाला एक सरळ विचारतो. मोठा बँड सोडा, पुण्या-मुंबईचा मधला बँडसुद्धा नागपूरला यायला का कचरतो, कधी विचार केला? मैदान भरतं हो इथे. भरलेल्या मैदानाचे पैसे कोणी देत नाही. कलाकाराचं मानधन, स्टेज, साऊंड, लाइट, जनरेटर, सामानाचा ट्रक, हे सगळं विकलेल्या तिकिटांतून निघतं. दौरा आखणारा माणूस एवढंच विचारतो, मागच्या वेळी किती तिकिटं गेली? त्या शिलाँगच्या लोकांनी काढली असतील. तुम्ही पास मागत होता. खासदार महोत्सवासारखा मुळातच सगळ्यांना खुला असलेला कार्यक्रम असेल तर खुशाल फुकट जा, मीही जातो. पण जिथे एखाद्या पोराने कर्ज काढून तिकिटं लावली आहेत, तिथे तुम्हाला पास कशाला पाहिजे? सावजीत एका बैठकीला जेवढं बिल करता त्याच्या निम्म्यात तिकीट आलं असतं. जामठ्याला मॅच असली की तिकिटासाठी हातापाया पडता, परतताना वर्धा रोडवर दोन तास अडकून पडता आणि वर हसता. तेव्हा नाही जिवावर येत.

आणि ओएसिस परत आले म्हणून स्टेटस टाकलं होतं ना तुम्ही? आपल्या धरमपेठेतल्या चार पोरांचा बँड मोडला तेव्हा काय टाकलं? काहीच नाही, कारण तुम्हाला कळलंच नाही. गणपतीत फुकट वाजवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला फुकट वाजवलं, लग्नात ‘घरचंच आहे’ म्हणून फुकट वाजवलं. शेवटी एक हिंजवडीला नोकरीला गेला, एक बापाच्या दुकानात बसला. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाचं तिकीट दोनशे रुपये होतं. तुम्ही त्याचाही पास मागितला. ड्रमरच्या आईला फोन करून. दोनशे रुपयांसाठी! लाज वाटली पाहिजे राजेहो.