शेपर्डला परत आणू नका

मास इफेक्ट या व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागाची जराशी कुणकुण लागली तरी आमच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते: शेपर्ड परत येणार का? मी म्हटलं, येऊच नये. त्यावर एका मित्राने मला ‘दगड’ अशी पदवी देऊन टाकली. कमेंटमध्ये भांडत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे आणि स्पॉयलर भरपूर आहेत.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बायोवेअर ही कॅनडातली, एडमंटनची कंपनी. त्यांचे तीन गेम: 2007, 2010 आणि 2012. कमांडर शेपर्ड म्हणजे आपण खेळतो ते मुख्य पात्र; बाई की बुवा, हे आपण ठरवायचं. माझी शेपर्ड बाई, जेनिफर हेलच्या आवाजातली. नॉर्मंडी नावाचं जहाज, त्यावर निरनिराळ्या ग्रहांची मंडळी, आणि दर पन्नास हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतली सगळी प्रगत संस्कृती पुसून टाकणारे रीपर. कथा म्हणून यात फार नवं काही नाही. खरी जादू सेव्ह फाइलची: एका भागातले आपले निर्णय पुढच्या भागात सोबत जातात. पहिल्या भागात रेक्स या सोबत्याला समजावता आलं नाही तर तो तिथेच मरतो, आणि पुढे तिसऱ्या भागात त्याच्या खुर्चीत त्याचा आडमुठा भाऊ बसलेला असतो. एका संध्याकाळी घाईघाईत घेतलेला निर्णय पाच वर्षांनी दारात येऊन उभा. म्हणून या मंडळींना निरोप देणं जड जातं. त्यांचं जे काही झालं, त्यात आपला हात असतो.

आता गॅरस, शेपर्डचा जुना सोबती. त्याच्याबद्दल दोन ओळीत आटपणं मला जमणार नाही. पहिल्या भागात तो नियमांना कंटाळलेला पोलीस. दुसऱ्यात ओमेगा या अवकाशस्थानकावर एकटा गुंडांशी लढताना सापडतो आणि अर्धा चेहरा जाळून घेतो. तिसऱ्यात, सगळीकडे युद्ध पेटलेलं असताना, तो शेपर्डला सिटाडेल या प्रचंड अवकाशस्थानकावर एका उंच जागी घेऊन जातो. तिथे जायला बंदी आहे, आणि पोलिसात असल्यापासून त्याला नेमकं तेच करायचं होतं. कारण काय, तर बाटल्या हवेत उडवून नेमबाजीची पैज. आपली पाळी आली की गेम विचारतो: बाटली फोडायची, की मुद्दाम चुकायचं? मी दरवेळी चुकतो. मग गॅरस जे काही फुशारतो ना! अख्ख्या मालिकेत त्या प्रसंगाने काहीही बदलत नाही. ना पॉइंट मिळत, ना शस्त्र. तरी कुणी मला मास इफेक्टमधला एकच प्रसंग ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवीन.

मॉर्डिन या सॅलेरियन शास्त्रज्ञाचंही तसंच. क्रोगन जमातीवर लादलेल्या रोगाचं एक रूप त्याच्याच हातचं, आणि ते निस्तरायला पेटत्या मनोऱ्यात तोच चढतो, गाणं गुणगुणत. त्याआधी कधीतरी बोलून गेलेला असतो की निवृत्त होऊन समुद्रकिनारी जाईन, शिंपल्यांवर प्रयोग करीन. सॅलेरियन माणसं जगतातच चाळीसेक वर्षं. शिंपले राहिलेच.

मग मार्च 2012. तिसऱ्या भागाचा शेवट आला आणि जगभर बोंब झाली. पाच वर्षांचे निर्णय, आणि शेवटी तीन रंगांचे पर्याय: लाल, निळा, हिरवा. कोणताही निवडा, पडद्यावर जवळपास तेच. चाहत्यांनी कंपनीला चारशेच्या वर कपकेक पाठवले, तीन रंगांचे, चव मात्र सगळ्यांची एकच. निषेध असावा तर असा. त्याच मोहिमेत आजारी मुलांसाठीच्या चाइल्ड्स प्ले या संस्थेला 80,000 डॉलरच्या आसपास निधीही जमला. शिव्याशापही झाले, ते मला तेव्हाही पटले नव्हते. पण तक्रार खोटी नव्हती. शेपर्ड मेली याचा राग नव्हता. मॉर्डिन मेला तेव्हा कुणी कपकेक पाठवले नाहीत. राग होता तो नीट निरोप न घेता आल्याचा.

कंपनीनेही ते ओळखलं असावं. जूनमध्ये शेवट वाढवून फुकट दिला. आणि बरोबर वर्षाने, मार्च 2013 मध्ये, सिटाडेल नावाचा जादा भाग आला. त्यात जगबुडी बाजूला ठेवून शेपर्डच्या नव्या घरात पार्टी आहे. वाचले असतील ते सगळे जुने सोबती येतात, पितात, नाचतात (शेपर्डला नाचता येत नाही, हा तीन भागांचा जुना विनोद), सकाळी डोकं धरून बसतात, शेवटी एकत्र फोटो. कथेच्या क्रमात ही पार्टी शेवटाच्या आधी येते. म्हणजे तेराव्याचं गोडाचं जेवण माणूस जिवंत असतानाच, आणि पंगतीत तो स्वतः वाढतोय. ऐकायला विचित्र वाटेल, पण निरोपाचं असं काम दुसऱ्या कुठल्या गेमने केलेलं मी पाहिलं नाही. चाहत्यांनी पुढे मॉड (गेममध्ये स्वतः केलेला बदल) काढून ही पार्टी शेवटानंतर नेऊन ठेवली, म्हणजे सगळं गोड. मी तो मॉड टाकलेला नाही. पुढे काय आहे हे माहीत असतं, म्हणूनच त्या पार्टीला अर्थ आहे.

माझा खरा राग आहे तो त्या श्वासावर. लाल पर्याय निवडला आणि तयारी पुरेशी असली, तर अगदी शेवटी ढिगाऱ्यात शेपर्डच्या एन7 चिलखतातलं एक धड दिसतं आणि ते एक श्वास घेतं. बस, काळा पडदा. नॉर्मंडीवर मृतांच्या नावांची भिंत आहे. तिथे शेपर्डच्या नावाची पट्टी हातात घेऊन तिचं माणूस उभं असतं, आणि या शेवटात ती पट्टी लावत नाही. आम्हीही मग लावली नाही. एवढ्याशा श्वासावर लोक इतकी वर्षं काथ्याकूट करताहेत. हे मी औदार्य मानत नाही. पुढेमागे लागलं तर दार उघडं ठेवायची ती सोय होती. आणि 2020 च्या डिसेंबरात टीझर आला, तेव्हा त्यात काय होतं? बर्फातून लियारा, शेपर्डची असारी जमातीची सोबतीण, चालत येते आणि एन7 चिलखताचा तुकडा उचलते. माझंही काळीज लककन हललं, नाही कशाला म्हणू.

पण विचार करा, ती परत आली तर कुणाची शेपर्ड येणार? माझी, जिने रेक्सला वाचवलं? की माझ्या मित्राची, ज्याने त्याला पहिल्याच भागात गोळी घातली? सगळ्यांना चालेल अशी एकच शेपर्ड करायची म्हटलं तर हे निर्णयच पुसावे लागतील, आणि ते पुसल्यावर उरतं फक्त चिलखत. लियारा खुशाल असू दे. असारी हजार वर्षं जगतात, तिला हक्क आहे.

आणि कुणाला आणायचंच असेल तर रायडरला, म्हणजे अँड्रोमेडा या नंतरच्या गेममधल्या मुख्य पात्राला आणा. 2017 च्या अँड्रोमेडाला आपण सगळे हसलो, चेहऱ्यांची मीम्स फिरवली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने त्याची पुढची कथा बंद करून टाकली. क्वेरियन या जमातीच्या जहाजाचा संदेश त्या गेममध्ये तसाच लटकलाय. शेपर्डला तीन गेम, वाढीव शेवट आणि पार्टी मिळाली. रायडरला साधा निरोपही मिळाला नाही. आधी ती उधारी चुकवा.