रिसेप्शनच्या जेवणाचा डेटाबेस: यजमानांसाठी मार्गदर्शन

गेल्या महिन्यात फोंड्यातील एका सभागृहात रिसेप्शन होते आणि वार सोमवार, म्हणजे अनेकांचा मांस-मासे टाळण्याचा दिवस, होता, एवढे सांगितले की गोव्यातील वाचकाला पुढचे बहुतेक समजते. नऊ वाजण्यापूर्वीच शाकाहारी बाजूची भांडी खरवडून झाली, मांसाहारी बाजूची शाकुती आणि तळलेली सुरमई मात्र निम्म्याहून अधिक तशीच राहिली. व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि "सर, डेटाबेसमध्ये व्हेज एवढेच होते" असे अत्यंत विश्वासाने सांगितले. तो डेटाबेस मी वाचला. अशी कामगिरी इतरांनाही साधावी, म्हणून पुढील सूचना करीत आहे.

प्रारंभी एका कुटुंबाला एकच ओळ द्यावी. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेले असताना माणसे किती येणार हे विचारणे असभ्यपणाचे ठरते. 'जेवण' नावाच्या एकाच रकान्यात 'दोघे व्हेज, आई मासे खाते, धाकट्याचे विचारून कळवतो' हे सर्व सुखाने मावते. आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 साली तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसची मांडणी करताना एका चौकटीत एकच, आणखी न फोडता येणारे मूल्य असावे असा आग्रह धरला होता. परंतु त्यांना आपल्याकडच्या लग्नांचे आमंत्रण कधी गेले नसावे.

पाहुण्यांना क्रमांक देऊ नयेत. 'नाईक, फोंडा' एवढे लिहिल्यावर घोटाळा होण्याचे कारणच काय?

यापुढची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. माणसाचे जेवण हे त्याच्या रक्तगटासारखे जन्मभर न बदलणारे मानावे आणि पाहुण्याच्या नावापुढे 'व्हेज' किंवा 'नॉनव्हेज' असे एकदाच लिहून टाकावे. रविवारी सुंगटांच्या हुमणावर (कोळंबीच्या कालवणावर) ताव मारणारा गृहस्थ सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतो, कोणी गुरुवार पाळतो, कोणाची संकष्टी असते, श्रावणात तर अर्ध्या यादीचा रंगच पालटतो, आणि आपल्या लग्नाला आलेला ख्रिस्ती शेजारी उपवासकाळातील शुक्रवारी मांस टाळतो पण मासे आनंदाने खातो; या क्षुल्लक बाबींकडे लक्ष देऊ नये. हळदीची रात्र, लग्नाची दुपार आणि रिसेप्शनची संध्याकाळ ही तीन वेगळी जेवणे आहेत, हेही विसरावे. वास्तविक निवड ही पाहुण्याची नसतेच. ती त्या पाहुण्याची त्या जेवणापुरती असते. तेव्हा पाहुण्यांचा एक तक्ता, जेवणांचा वारासह दुसरा, आणि या दोघांना जोडणारा तिसरा, ज्यात पाहुण्याचा क्रमांक, जेवणाचा क्रमांक आणि निवड एवढे तीनच रकाने असतील व तीच जोडी दोनदा लिहिता येणार नाही, इतकी साधी ही रचना आहे. मग एका ओळीच्या क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, प्रत्येक जेवणाचे गट मोजून मिळतात. संगणकाच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी हे एका दुपारी करू शकेल. आमच्या व्यवस्थापकांच्या यादीत मात्र वाराचा रकाना नव्हता, मासे खाणाऱ्यांसाठी जागा नव्हती, आणि लग्नाला येणारा प्रत्येक जण आयुष्यभर एकच पदार्थ खात आला आहे अशी त्यांची समजूत होती. गोव्यात राहून, गोव्यात धंदा करून सोमवार ठाऊक नसावा!

कोळंबीची ॲलर्जी असल्यास ती 'शेरा' या रकान्यात नोंदवावी आणि यादी छापताना तो रकाना लपवावा.

पर्यायांची ठरावीक यादी देऊ नये, ज्याला जसे सुचेल तसे लिहू द्यावे. कोणी 'व्हेज', कोणी 'शाकाहारी', कोणी 'शिवराक' लिहील, कोणी शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा सोडील, आणि यंत्र त्यांना निरनिराळे समजेल. त्यानंतर केवळ 'व्हेज' हा शब्द मोजावा आणि एकूण संख्येतून वजा करून उरलेले सगळे मांसाहारी धरावेत. ज्यांनी उत्तरच दिले नाही त्यांची चौकटही रिकामी म्हणून याच वजाबाकीत मांसाहारी ठरते. त्या संध्याकाळी नेमके हेच झाले होते. उत्तर न आलेले, येणार नाही असे कळवलेले आणि 'शिवराक' असे स्पष्ट लिहिलेले, या सर्वांच्या वाट्याला त्या सूत्राने सुरमई लिहून ठेवली होती.

आता उपरोध पुरे. ऐंशीच्या घरातील माझी मावशी त्या रात्री कोशिंबीर आणि आइस्क्रीम खाऊन परतली, आणि तिच्या नावापुढची चौकट रिकामी होती, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. ड्रोनवाल्याची वेळ मिनिटामिनिटाने ठरवता, फुलांच्या छटेवरून आठवडाभर वाद घालता, आणि जेवणाची यादी मात्र ज्याला स्प्रेडशीटमधील बेरजेपलीकडे काही येत नाही अशा पोराच्या गळ्यात टाकून मोकळे होता. मग अन्न फुकट जाते आणि माणसे उपाशी जातात, तेव्हा दोष संगणकावर ढकलता. संगणकाने तुमचा निष्काळजीपणा मोजून दाखवला, दुसरे काही केले नाही. व्यवस्थापकांनो, पाहुणे, जेवणे आणि निवडी यांचे तीन तक्ते करा, पर्याय आधी ठरवून द्या, आणि 'उत्तर आले नाही' हा स्वतंत्र पर्याय ठेवा. यजमानांनो, केटररला आकडा देण्याआधी त्या पर्यायाखालची नावे काढा आणि घरातल्या कोणाला तरी फोन घेऊन बसवा.