नखांची बुरशी केवळ अस्वच्छतेमुळे होत नाही

मी वाचलेल्या एका लेखात पायाच्या नखांना होणाऱ्या बुरशीसंसर्गाचे खापर प्रामुख्याने अस्वच्छतेवर फोडले आहे, ते मला अन्यायाचे वाटते. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना कामगार पूर्ण पाळी जाड सेफ्टी शूजमध्ये काढतात. घामाने भिजलेले मोजे बोटांच्या बेचक्यांत ओल धरून ठेवतात आणि ट्रायकोफायटॉन रुब्रमसारख्या बुरशीला नेमके हेच हवे असते. पुष्कळदा आधी बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते आणि तिथूनच संसर्ग नखाखाली शिरतो. मग अंगठ्याचे नख टोकाकडून पिवळसर व जाड होते आणि कापताना त्याचा भुगा पडतो. वाढते वय, मधुमेह, पायांतील मंदावलेला रक्तप्रवाह, सोरायसिस हा त्वचाविकार, घट्ट बुटाने वारंवार चेपलेले नख ही कारणे तर अत्यंत टापटीप राहणाऱ्या माणसालाही लागू पडतात. मधुमेहींच्या बाबतीत हा प्रश्न नुसता दिसण्याचा मुळीच नाही, कारण पायाची संवेदना कमी झालेली असल्यास जाड नखामुळे झालेली जखम त्यांच्या लक्षातच येत नाही. मात्र प्रत्येक जाड नखात बुरशीच असते असे नाही. म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेण्यापूर्वी नखाचा नमुना तपासून घ्यावा, एवढी भर त्या लेखात अवश्य घालावी.