नंतर आठवण करा

‘नवी आवृत्ती तयार आहे’ अशी पाटी पडद्यावर झळकली की माझं बोट डोक्याला न विचारताच ‘नंतर आठवण करा’ या बटणाकडे वळतं. त्या चौकटीत ‘नको’ असं बटण बहुधा नसतंच. आत्ता करू की रात्री करू, एवढीच काय ती मुभा. कैद्याला फाशीची वेळ विचारावी तशी.

आम्हा जुन्या सिस्टीमवाल्यांना लोक भाबडे समजतात. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी आठवून डोळे पुसणारी जमात! टेकडी छानच होती, पण भांडण टेकडीचं नाही, हाताचं आहे. वर्षानुवर्षं तेच काम केलेला हात मेनू वाचत बसत नाही. अंधारात दिव्याचा खटका सापडावा तसं त्याला बटण सापडतं. नवी आवृत्ती येते आणि तो खटका छतावर लावून जाते.

विंडोज 8 नं 2012 मध्ये स्टार्ट बटणच गायब केलं. संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात नेऊन खुपसायचा, मग सरकत आलेल्या पट्टीत सेटिंग्ज, तिथे पॉवर, आणि त्यात शट डाउन. या द्राविडी प्राणायामापेक्षा वायर उपटणं सोपं वाटे. वर्षभरात 8.1 आली आणि बटण परत मिळालं. विंडोज 11 नं 2021 मध्ये टास्कबारवर प्रत्येक खिडकी तिच्या नावासकट वेगळी दाखवणं बंद केलं. 2023 मध्ये ती सोय परतली. राइट क्लिकच्या यादीतले कट, कॉपी हे शब्द जाऊन तिथे चिमुकली चित्रं आली, आणि अकराच्याच 24एच2 या पुढच्या आवृत्तीत त्या चित्रांखाली पुन्हा शब्द उगवले. शेजाऱ्यानं आपली खुर्ची उचलून न्यावी आणि दोन वर्षांनी तीच रंगीत कागदात गुंडाळून वाढदिवसाला आणावी, तसं.

मुरलेली माणसं यातून वाट काढतातच. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबायचं आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत मंत्र टाकायचा. एनसीपीए.सीपीएल म्हटलं की नेटवर्कच्या जोडण्या, एमएमसिस.सीपीएल म्हटलं की आवाजाची जुनी खिडकी, ॲपविझ.सीपीएल म्हटलं की प्रोग्रॅम काढायची यादी. एक्सपीपासून अकरापर्यंत हे मंत्र चालत आले आहेत. अकरामध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं तर जुनी लांबलचक यादीही निमूट हजर होते.

‘नवी सिस्टीम हळू चालते’ ही आमची लाडकी तक्रार मात्र अर्धीच खरी, हे कबूल केलं पाहिजे. एक्सपीचं किमान 64 एमबी मेमरीत भागे, 128 असली की ऐट. अकराला किमान 4 जीबी लागते, म्हणजे बरोबर चौसष्टपट. पण खरी गोची होते ती फिरत्या हार्ड डिस्कवर. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीवर उड्या मारत वाचणारं टोक, म्हणजे हेड, सेकंदाला जेमतेम शंभरभर ठिकाणं वाचू शकतं. एक्सपी सुरू झाली की गप्प बसायची. नवी सिस्टीम डोळे उघडताच शोधाची सूची बांधते, विषाणू तपासते, अपडेट उतरवते, ॲप ताजी करते, आणि सगळं त्या एकट्या हेडच्या जिवावर. टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोसेसर आरामात लोळतोय आणि डिस्क 100 टक्क्यांवर धापा टाकतेय. अशा वेळी सिस्टीमला शिव्या न घालता डिस्क बदलावी. एसएसडी म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यातली साधी साटा जोडणीचीसुद्धा सेकंदाला हजारोंच्या हिशेबात ठिकाणं वाचते. सोबत मेमरी 8 जीबी केली की निम्मं रडगाणं थांबतं. (हीच एसएसडी एक्सपीला देऊन डबल मजा मारू, असं कुणी म्हणेल. एक्सपीला ट्रिम येत नाही. पुसलेली जागा मोकळी झाली हे ती डिस्कला कळवतच नाही, त्यामुळे पुढे पुढे लिहिणं मंदावतं.)

सगळ्यांत रास्त तक्रार स्कॅनरची. काच स्वच्छ, दिवा लागतो, मोटर फिरते. पण त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, 32 बिटचा आणि सिस्टीम 64 बिटची. ही सोयरीक जमत नाही. विंडोज व्हिस्टापासून 64 बिटमध्ये आतल्या गाभ्यात शिरणाऱ्या ड्रायव्हरला डिजिटल सहीही लागते, आणि दहा वर्षांपूर्वी विकलेल्या यंत्रासाठी नवा ड्रायव्हर लिहायला कंपनीला कसला उत्साह? तेव्हा एक्सपी आभासी मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पोटातल्या नकली संगणकात, बसवायची, स्कॅनरचं यूएसबी तिच्या हवाली करायचं, तिचं नेटवर्क कार्ड काढून टाकायचं आणि फायली सामाईक फोल्डरमधून बाहेर घ्यायच्या.

नेटवर्क काढायचं, कारण एक्सपीला बाहेरचं जग झेपत नाही. तिचं इंटरनेट एक्सप्लोरर 8 साइटशी गुपचूप बोलायची टीएलएस 1.2 ही पद्धत जाणत नाही, म्हणून आजच्या बहुतेक साइट तिला दारातूनच परत पाठवतात. विंडोज 7 वर क्रोम ब्राउझर 109 व्या आवृत्तीशी थांबलं. त्यात मदरबोर्डवरचा सीआर2032 हा बटणासारखा सेल मेला की घड्याळ मागच्या दशकात जाऊन बसतं, साइटच्या प्रमाणपत्रांच्या तारखा त्याच्याशी जुळत नाहीत आणि सगळ्याच साइट असुरक्षित दिसू लागतात. माणूस ब्राउझर तीनदा काढून पुन्हा टाकतो. तारीख कुणी बघत नाही.

मे 2017 मध्ये फायली कोंडून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा विषाणू पसरला तो मुख्यतः विंडोज 7 वर, आणि तोही मार्चमध्येच आलेला इलाज न टाकलेल्या मशीनवर. म्हणजे आमच्यासारख्या ‘नंतर’वाल्यांवर. एक्सपीवर तो बऱ्याचदा निळा पडदा आणून स्वतःच कोसळे. विषाणूलाही जुन्या सिस्टीमवर चालता येऊ नये, याचं आम्हाला थोडं वाईटच वाटलं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चाही नेहमीचा सांभाळ संपला, तेव्हा अकराचं दार ठोठावणं आलं. तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. टीपीएम.एमएससी चालवून तिथे 2.0 दिसतं का पाहावं. न दिसलं तर चिप नाही असं लगेच मानू नये. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावानं ती झोपलेली असते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा.

हे सगळं पार पडल्यावर काळी कमांड खिडकी उघडून ‘व्हर’ लिहावं आणि एंटर दाबावं, म्हणजे सिस्टीम आपला आवृत्ती क्रमांक सांगते. विंडोज 7 ला हे विचारलं की ती 6.1 सांगायची, कारण मोठा आकडा पाहून जुने प्रोग्रॅम बिथरतात. अकराला विचारा. ती 10.0 सांगते. तिनंही बहुधा ‘नंतर आठवण करा’ दाबलं असावं.