‘खिरापत’ या शब्दाबद्दल

मागच्या आठवड्यात मी छोट्या अनुदानांवर लिहिलं होतं. वस्तीतल्या एखाद्या महिला गटाला, अभ्यासिकेला किंवा एकट्याने काम करणाऱ्या कार्यकर्त्याला दहा ते पंचवीस हजार रुपये दोन पानी अर्जावर, नोंदणीचा आग्रह न धरता द्यावेत, असं माझं म्हणणं होतं. त्यावर ‘एक करदाता’ या नावाने मोठी प्रतिक्रिया आली. खाली उत्तर लिहायला बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून इथे देते आहे.

आधी तुमची दुरुस्ती मान्य करते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातला बदल मी 2021 चा म्हटला होता, तो सप्टेंबर 2020 चा आहे. लेखात वर्ष बदललं आहे, आभार. पण त्या बदलामुळे अशी देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला ती पुढे छोट्या संस्थेला देता येईनाशी झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, हे मी लिहिलं होतं ते बरोबर आहे. वर्ष चुकलं, म्हणणं चुकलेलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. तुम्ही लिहिता, ‘पंधरा-वीस हजारांची खिरापत वाटून कुणाचीही गरिबी हटलेली नाही, हा पैसा चहापाणी, बॅनर आणि फोटोंतच जिरतो, हे तुम्हालाही ठाऊक असणार.’

‘तुम्हालाही ठाऊक असणार’ याचा अर्थ मी जाणूनबुजून खोटं लिहिते, असाच होतो ना? माझं मत चूक आहे असं म्हणा, मी ऐकून घेईन. माझी दानत काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि खिरापत! आरती झाली की जो समोर उभा असेल त्याच्या हातावर खिरापत ठेवतात. ती मिळवायला काही करावं लागत नाही. ज्या बायकांबद्दल तुम्ही हा शब्द वापरलात, त्यांना आयुष्यात एकही गोष्ट नुसतं उभं राहून मिळालेली नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी आई सोलापुरात विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या, मांडीवर सूप, आणि संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेलं की त्यातून छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्या, निघायची ती वेगळीच. पान कापून कापून तिची बोटं कायम चिरलेली असायची.

तुम्ही म्हणता गरिबी हटते ती मोठ्या योजनांनी. मी कधी नाही म्हटलं? आमचं घरच मोठ्या योजनेतलं आहे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची वसाहत आहे, 10,000 घरांची. त्या घरांसाठी बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बायकांनी पै-पै साठवून भरलेला वाटा, असं ते उभं राहिलं. 2006 साली पंतप्रधानांच्या हस्ते घरांचं वाटप झालं. आई किल्ली हातात घेऊन रडली होती. मोठ्या योजनेचं मोल मला तुम्ही शिकवू नका.

पण घर मिळालं आणि त्यात पोरींना अभ्यासाला कोपरा मिळाला नाही. एका खोलीत पानं, तंबाखू, सूप, आजारी म्हातारं माणूस आणि दहावीची मुलगी. त्यात लोडशेडिंग. त्या वर्षांत महाराष्ट्रात ज्यांनी रॉकेलच्या चिमणीखाली अभ्यास केला त्यांना हे सांगावं लागणार नाही. आमच्या ओळीतल्या एका मावशींनी त्यांची पुढची खोली संध्याकाळपुरती द्यायची तयारी दाखवली. अडत होतं ते दिव्यावर. कोणत्याही सरकारी योजनेत ‘एका खोलीला संध्याकाळी तीन तास उजेड’ असा रकाना नसतो. आम्ही बारा जणींनी एका छोट्या न्यासाकडे साध्या कागदावर अर्ज केला. मी तेव्हा कॉलेजात होते, अक्षर बरं म्हणून अर्ज मी लिहिला. 2008 च्या पावसाळ्यात 15,000 रुपये आले.

तुम्हाला हिशोब हवा होता ना? घ्या. इन्व्हर्टर आणि बॅटरी 11,400. वायरिंग, दोन ट्यूब आणि मजुरी 1,450. दोन सतरंज्या 700. फळा आणि खडू 560. बॅनर 650. चहा 240. हे झाले बरोबर 15,000.

हो, चहा आहे त्यात आणि बॅनरही आहे. तो बॅनर आम्हाला नको होता. देणाऱ्यांना फोटोत त्यांचं नाव दिसायला हवं होतं, म्हणून तो छापावा लागला. बॅनरवर पैसा जातो ही तुमची तक्रार खरी असेल तर ती देणाऱ्याच्या दारात नेऊन करा. आणि चहा? ज्या बाईला विडीमागे पैसे मिळतात ती दोन तास बैठकीला बसली की तिची दोन तासांची मजुरी बुडते. ती मजुरी कुठल्याही अर्जात लिहिलेली नसते. तिला कुणी मागतही नाही, तीही मागत नाही. तिच्यासमोर अर्धा कप चहा ठेवला आणि तो वहीत प्रामाणिकपणे मांडला, तर तुमच्यासारखे लोक पंधरा वर्षांनी त्यालाच गैरव्यवहार म्हणतात. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

त्या वर्षी त्या खोलीत बसून सात मुलींनी दहावीचा अभ्यास केला. पाच पास झाल्या. दोन नापास झाल्या, त्यातल्या एकीचं लग्न लावून दिलं. बॅटरीत घालायच्या पाण्यासाठी घरटी महिना दोन रुपये वर्गणी होती. चार वर्षांनी बॅटरी संपली, तेव्हा दुसरी बायकांनी स्वतःच्या पैशातून घेतली. ती घेताना कुणीही कुणाकडे अर्ज केला नाही. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच होता. पहिल्या 15,000 मुळे बारा जणींना कळलं की एक गोष्ट आपण ठरवू शकतो, चालवू शकतो आणि तिचा हिशोब ठेवू शकतो. पाणीपट्टीच्या प्रश्नावर पुढे ह्याच बायका ग्रामपंचायतीत बोलायला गेल्या.

हा शोध माझाही नाही. ग्रामीण बायकांच्या बचत गटांसाठी असलेल्या सरकारच्या ‘उमेद’ अभियानात गटाला पहिला फिरता निधी मिळायचा तो 10 ते 15 हजारांचाच. तोही पंचसूत्री पाळल्यावर, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लेखे हे सगळं दाखवल्यावर. आणि व्यक्तींना पैसे देण्याचं म्हणाल, तर डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या कलावंतांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. रक्कम थोडीच असायची. पण ती घरात येते म्हणून बायको-मुलांसमोर मान खाली न घालता माणूस काम करत राहिला, अशी उदाहरणं मी जवळून पाहिली आहेत. तीही खिरापतच का?

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. नोंदणी नसलेल्यांना पैसे देऊ नयेत, म्हणता. कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्च करायच्या 2 टक्के निधीसाठी संस्थेला 2021 पासून सीएसआर-1 हा नोंदणी-अर्ज भरावा लागतो, त्याआधी संस्थेची नोंदणी आणि प्राप्तिकर खात्याची करसवलतीची प्रमाणपत्रं. धर्मादाय कार्यालयात दरवर्षीचं ऑडिट आणि विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. पंधरा हजारांसाठी विडी वळणाऱ्या बारा जणींनी हे करावं अशी तुमची खरंच अपेक्षा असेल, तर आपलं बोलणं इथेच थांबतं. लहान रकमेची छाननी करायला मोठ्या रकमेइतकाच खर्च येतो, हेही तुम्ही लिहिलं आहे. येत असेल. तो देणाऱ्याने सोसावा. आणि ‘हे सरकारचं काम आहे’ हे वाक्य मी मोर्चात घोषणा म्हणून दिलेलं आहे, तेव्हा ते मला ऐकवून उपयोग नाही.

एक विचारते. तुम्ही कुंभारीला कधी आला आहात? आला नसाल तर या. कुणा पाहुण्याला मी असं बोलले नसते, पण तुम्ही नाव न देता माझ्या आईच्या मैत्रिणींना चोर म्हटलं आहे. शब्द वेगळे वापरलेत, अर्थ तोच होता.

सध्या मी अशी छोटी अनुदानं ठरवणाऱ्या एका लहान निवड समितीवर आहे. या खेपेला आमच्यासमोर नऊ अर्ज आहेत. त्यातला एक घरेलू कामगार बायकांचा आहे, त्यांना रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यायला झेरॉक्स आणि रिक्षाभाड्यापुरते 12,000 हवे आहेत. त्यांनी अर्जात चहाचे 300 रुपये वेगळे लिहिले होते आणि नंतर त्यावर काट मारली होती. मी ते परत लिहायला सांगितलं आहे.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही. आमची 2008 ची वही आईच्या ट्रंकेत आहे. तिची पानं पाहायची असतील तर खऱ्या नावाने लिहा, मी फोटो काढून पाठवीन.