केळीच्या ट्रॉलीची दांडी: ‘एक जाड रन मारायचा सोडून सगळं कापून काढलं’ या तक्रारीला उत्तर

राम राम भाऊ,

दोन स्टार दिलेत, पण कारणं स्पष्ट लिहिलीत, म्हणून उत्तरही मुद्द्याला धरून देतो. तुमचं म्हणणं असं : केळीच्या ट्रॉलीच्या दांडीला (ट्रॅक्टरला जोडायच्या भागाला) चीर गेली होती, वरून वेल्डिंगचा एक जाड रन (थर) मारला असता तर तासाभरात काम झालं असतं. आम्ही मात्र जुनं वेल्डिंग ग्राइंडरने काढलं, जोडताना प्लेटींमध्ये फट ठेवली, पाणी मारू दिलं नाही, ट्रॉली दुसऱ्या दिवशी दिली आणि बिल दुप्पट लावलं. हे सगळं आम्ही केलं, आणि समजून-उमजून केलं.

दांडीची प्लेट १० मिलिमीटरची आहे. आधीचा जोड कडेला कड भिडवून, कडा तिरप्या घासून व्ही न मारता, फक्त वरच्या बाजूने झाला होता. साधा ६०१३ रॉड (रोजच्या कामाचा वेल्डिंग रॉड) अशा बंद जोडात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत शिरतो. वरचा भर कितीही फुगीर असला तरी खालची सात-आठ मिलिमीटर प्लेट जोडलेलीच नसते. जुनं वेल्डिंग काढल्यावर गॅस कटरच्या रेघा तळाशी जशाच्या तशा दिसल्या, ते तुम्हाला तिथेच दाखवलं होतं. लोखंड तिथवर वितळलं असतं तर त्या रेघा उरल्याच नसत्या.

ही न जोडलेली फट म्हणजे तयार चीर. भरलेली ट्रॉली शेतरस्त्याच्या चाकोऱ्यांतून निघाली की दांडी प्रत्येक खड्ड्याला वाकते, आणि चीर तळातून वर चढत जाते. ती वर दिसली म्हणजे तिचा बहुतेक प्रवास झालेला असतो. तिच्यावर नुसता रन ओढला तर आत अडकलेला गंज, ग्रीस आणि चिखल तापून वायू होतो, नव्या वेल्डिंगला भोकं पडतात आणि खालची फट तशीच राहते. म्हणून आधी चिरेची टोकं शोधून तिथे ६ मिलिमीटरचं ड्रिल मारलं, म्हणजे ग्राइंडिंगच्या तापाने ती पुढे पळत नाही, आणि मग कोरं लोखंड लागेपर्यंत खणलं.

आता फटीचं. ती कामगाराचा हलगर्जीपणा नव्हती, मापाने ठेवली होती. दोन्ही कडांना ३०-३० अंशांचा उतार, म्हणजे एकूण ६० अंशांचा व्ही. तळाशी दीड मिलिमीटर सपाट कड. आणि मध्ये अडीच ते तीन मिलिमीटर अंतर. रॉडवरचं आवरण (फ्लक्स) झटकून, आतली तार वाकवून मध्ये ठेवली की अंतर बरोबर येतं. टाके (प्लेटी जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारताना प्लेटी ओढल्या जाऊन फट मिटते, म्हणून टाके झाल्यावर पुन्हा मोजावी लागते. टाक्यांची टोकंही घासून उतरती करावी लागतात, नाहीतर रन तिथे पोचला की तळ सुटतो. व्ही अरुंद असला किंवा पहिल्याच रनला ४ मिलिमीटरचा रॉड घेतला, तर आर्क (रॉडच्या टोकाशी जळणारी वीज) बाजूच्या भिंतींवरच बसतो, तळापर्यंत जात नाही.

पहिला रन २.५ मिलिमीटरच्या ७०१८ रॉडने (मजबूत जोडासाठीचा रॉड), डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर), होल्डर पॉझिटिव्हला लावून, ८० ते ८५ अँपिअरला घेतला. आर्क रॉडच्या जाडीपेक्षा लांब होऊ द्यायचा नाही. रॉड हळू ओढला की खोल जातो असं पुष्कळांना वाटतं, होतं उलटंच. वितळलेला माल आणि स्लॅग (वितळलेल्या फ्लक्सचा मळ) आर्कच्या पुढे धावतो, आर्क त्या मालावरच जळत राहतो आणि खालची कड थंडच राहते. करंटचाही घोळ असतो. मशीनवर आकडा १०० दिसला तरी केबल बारीक आणि लांब असेल, अर्थचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावला असेल, किंवा शेतावर संध्याकाळी व्होल्टेज पडलं असेल, तर जोडापर्यंत तेवढा करंट पोचत नाही. म्हणून अशी दांडी आम्ही शेतावर येऊन करत नाही.

मागची बाजू हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच लोक वगळतात. समोरून भरल्यावर दांडी उलटी केली आणि स्लॅगची काळी रेघ पूर्ण जाईपर्यंत मागून घासलं. मग बारीक चिरेत शिरणारा लाल डाय मारून १०-१५ मिनिटं थांबलो, पुसून, चिरेतला डाय वर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. लाल रेघ उमटली नाही, तेव्हाच मागचा रन घेतला. मागून हात पोचत नसेल तिथे खाली ५ मिलिमीटरची पट्टी लावून फट पाच-सहा मिलिमीटर ठेवतात. तुमच्या दांडीला त्याची गरज नव्हती.

पाण्याला नाही म्हटलं, कारण प्लेट कोणत्या मालाची आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं. कार्बन जास्त असेल तर झटक्यात थंड केल्याने जोडाशेजारची पट्टी कडक होऊन तडकते. ७०१८ रॉडही ओला चालत नाही; ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजूनच वापरावा लागतो. खणणं, भाजणं, तपासणं आणि आपोआप थंड होणं धरलं तर दुसरा दिवस उजाडणारच. बिलातली वाढ मुख्यतः ग्राइंडिंगची मजुरी, डिस्क, रॉड आणि डायच्या स्प्रेची आहे. फाळका, पत्रा, कडी असल्या कामाला यातलं काही लागत नाही, ते आम्ही साध्या रॉडने तासात देतो. दांडी रस्त्यावर तुटली तर भरलेली ट्रॉली कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही, म्हणून दांडीवर नुसता वरचा रन आम्ही कोणाच्याच सांगण्यावरून मारणार नाही.

तरीही खात्री हवी असेल तर या. १० मिलिमीटरच्या भंगार प्लेटीचे दोन जोड तुमच्यासमोर करतो, एक तुमच्या पद्धतीने आणि एक आमच्या. मधून कापून कानस मारू, आणि तळ बाहेरच्या बाजूला ठेवून व्हाइसमध्ये वाकवू. याचे पैसे नाहीत. आणि माल भरायच्या आधी दांडी खालून पुसून जोडाच्या दोन्ही कडा बघत जा. गंजाची बारीक तांबूस रेघ दिसली की लगेच घेऊन या. तेवढ्यावर आलात तर खणणं कमी, बिलही कमी.